दोन दुधांमधली भिंत

बशीत ओतून चहा पिणारी माणसे आता फारशी दिसत नाहीत. माझे वडील मात्र शेवटपर्यंत तसाच प्यायचे. कपातला चहा बशीत ओतायचा, बशी दोन्ही हातांनी तोंडाशी न्यायची, एक हलकी फुंकर आणि मग आवाज करत एक लांब घोट. आम्ही भावंडे कॉलेजात जाऊ लागल्यावर आम्हांला त्या आवाजाची लाज वाटू लागली. पाहुण्यांदेखत तरी त्यांनी कपाने प्यावे, असे आम्ही आईकरवी सुचवूनही पाहिले. "तुम्ही घ्या जीभ भाजून, मी नाही घेणार," एवढेच त्यांचे उत्तर. चहा तेवढाच, पण तो पसरला की थर पातळ होतो, हवेला भिडणारे अंग वाढते आणि उष्णता भराभर निघून जाते, हे त्यांना कोणी शाळेत शिकवलेले नव्हते.

आईचीही एक रीत होती. धाकट्या भावाचे दूध लवकर निवावे म्हणून ती तापलेले पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवायची आणि मधूनमधून कडा धरून फिरवायची. दूध निवायचे, परातीतले पाणी कोमट व्हायचे. ते पाणी ती ओतून देत नसे, तुपाची भांडी विसळायला घ्यायची. दूध आणि पाणी एकमेकांना शिवले नाहीत, मधे कल्हई केलेल्या पितळेचा पत्रा होता. दुधातली ऊब तेवढी पाण्यात गेली आणि पुढे कामी आली.

वडिलांची बशी आणि आईची परात एकत्र केली की जे यंत्र तयार होते, त्याला प्लेट हीट एक्स्चेंजर म्हणतात. पाठ्यपुस्तकी मराठीत त्याला उष्णता-विनिमयक असा भारदस्त शब्द आहे, पण तो पुस्तकाबाहेर पडलेला मी ऐकला नाही. डेअरीतली माणसे 'पीएचई' म्हणतात, आणि त्यातली जुनी माणसे नुसतेच 'प्लेटा'. आज सकाळी आपल्या दारात पडलेली दुधाची पिशवी अशाच प्लेटांमधून आलेली आहे. चहात घातलेली साखर, फोडणीचे तेल, एखाद्या उंच इमारतीतल्या कचेरीतला गारवा, यांपैकी कशाच्या ना कशाच्या मागे हे यंत्र उभे असण्याची शक्यता बरीच आहे. घरात ते दिसत नाही म्हणून त्याच्यावर कोणी लिहीत नाही. मीही लिहिले नसते. पण त्याच्याशी माझा जुना हिशेब आहे, आणि तो बँकेच्या खात्यात बसण्यासारखा नाही.

ज्यांनी संगणकापूर्वीची बँक पाहिली आहे, त्यांना हे यंत्र समजावून सांगणे सोपे आहे. आमच्याकडे सुट्या पानांची लेजरे असत. दोन जाडजूड पुठ्ठे, मधे पाने, आणि ती घट्ट आवळून ठेवणारे स्क्रू. खाती वाढली की स्क्रू सैल करायचे, पाने घालायची, पुन्हा आवळायचे. प्लेट हीट एक्स्चेंजर हे असेच एक स्टीलचे लेजर आहे. पुठ्ठ्यांच्या जागी लोखंडाच्या दोन जाड ताटल्या, आणि पानांच्या जागी स्टेनलेस स्टीलच्या पातळ प्लेट्स. एकेक प्लेट साधारण अर्धा ते पाऊण मिलीमीटर जाडीची. चार कोपऱ्यांना चार भोके आणि कडेने खाचेत बसवलेली रबराची गॅस्केट. दोन प्लेटांमध्ये जागा उरते ती दोनतीन मिलीमीटरची, फार तर चारपाच. पहिल्या फटीतून गरम द्रव जातो, दुसऱ्यातून थंड, तिसऱ्यातून पुन्हा गरम. कोणत्या भोकातून कोणी आत शिरायचे हे ती गॅस्केट ठरवते. दोन्ही द्रव उलट दिशांनी वाहतात, म्हणजे एक वरून खाली तर दुसरा खालून वर. त्यामुळे बाहेर पडणारा थंड द्रव आत शिरणाऱ्या गरम द्रवाच्या तापमानाजवळ, अगदी एकदोन अंशांपर्यंत, जाऊन पोचू शकतो. आईच्या परातीत हे कधीच होणार नाही. तिथे दूध आणि पाणी मध्यावर कुठेतरी भेटतात आणि थांबतात.

प्लेट सपाट नसते. तिच्यावर बाणाच्या टोकासारख्या वळ्या दाबून काढलेल्या असतात. एका प्लेटेवर बाण वर, तर शेजारचीवर खाली. प्रथम पाहताना मला ती नक्षी वाटली होती. प्रत्यक्षात त्या वळ्यांमुळे द्रवाला सरळ वाहता येत नाही. ओढ्याचे पाणी दगडांवरून जाताना जसे खळाळते, तसा तो खळाळतो आणि त्याचा प्रत्येक थेंब कधी ना कधी पत्र्याला लागतो. शिवाय शेजारच्या प्लेटांच्या वळ्या ठिकठिकाणी एकमेकींना टेकतात, म्हणून कागदासारखा पातळ पत्राही दाब सहन करतो. अर्ध्या चौरस मीटरच्या शंभर प्लेट्स घेतल्या तर पन्नास चौरस मीटर पृष्ठभाग होतो, म्हणजे जवळजवळ साडेपाचशे चौरस फूट. शहरातल्या एका लहान फ्लॅटएवढी बशी. आणि यंत्र पाहाल तर घरातले गोदरेजचे कपाट आडवे पाडल्याएवढे.

कल्पना जुनी आहे. जर्मनीत १८७८ साली अशा यंत्राचे एक पेटंट दिले गेले होते. त्याच वर्षी स्वीडनमध्ये गुस्ताफ द लावल यांनी दुधातून साय वेगळी करणारे फिरते यंत्र तयार केले. त्यांच्या नावाने पुढे जी कंपनी झाली, तिचा कारखाना आपल्याकडे पुण्याजवळ दापोडीला आहे. पण पेटंट घेणे वेगळे आणि यंत्र बाजारात चालवून दाखवणे वेगळे. ते काम १९२३ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड सेलिगमन यांनी केले. त्यांची कंपनी मुळात ॲल्युमिनियमची भांडी आणि टाक्या बनवणारी. त्यांनी प्लेटांचे यंत्र बनवले ते दुधासाठी. त्या वेळच्या प्लेट्स ओतीव धातूच्या आणि जड होत्या. स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा दाबून वळ्या काढण्याची विद्या त्यानंतर आली आणि मग हे यंत्र डेअरीतून निघून सगळ्या कारखान्यांत पसरले.

दुधासाठीच का? कारण दूध ही मोठी नाजूक वस्तू आहे. कच्च्या दुधातून क्षय, विषमज्वर, ब्रुसेलोसिस असे रोग पसरू शकतात. पाश्चर यांनी १८६० च्या दशकात दारू टिकवण्यासाठी ती बेताची तापवून निववण्याची युक्ती काढली आणि पुढे ती दुधाला लागू झाली. जुनी पद्धत अशी, की दूध ६३ अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवायचे. मोठ्या कढईचे काम. एक घाणा उतरेपर्यंत दुसरा थांबलेला. नवी पद्धत ७२ अंशांना फक्त १५ सेकंद. पण पंधरा सेकंद म्हणजे पंधराच सेकंद. चार अंशांचे दूध वाहत्या धारेत ७२ वर न्यायचे, पंधरा सेकंद धरायचे आणि लगेच पुन्हा चारवर आणायचे. कुठे करपता कामा नये, कुठे कमी तापता कामा नये. हे प्लेटांशिवाय नीट जमत नव्हते.

आता यातली खरी गंमत सांगतो. ती कळल्यावर माझ्यातला बँकवाला खुर्चीत सरसावून बसला होता. टाकीतून आलेले थंड दूध तापवायचे आहे आणि पलीकडून आलेले तापलेले दूध निववायचे आहे. मग दोघांनाच एकमेकांसमोर का आणू नये? प्लेटांच्या पहिल्या भागात नेमके हेच करतात. एका फटीतून कच्चे थंड दूध, शेजारच्या फटीतून पाश्चराइज झालेले गरम दूध. गरम दूध आपली उष्णता थंड दुधाला देते आणि स्वतः निवते. तासाला पाच हजार लिटरचे यंत्र धरा. दूध चार अंशांवरून ७२ वर न्यायला तासाला सुमारे सव्वातीन लाख किलोकॅलरी लागतात. साधारण प्रतीचा कोळसा आणि साधारण बॉयलर धरला तर सव्वाशे किलो कोळसा. पण ९० टक्के उष्णता दुधाकडूनच दुधाला मिळाली, तर कच्चे दूध फुकटात ६५ अंशांपर्यंत पोचते. गरम पाण्याने तापवायचे उरतात ते जेमतेम सात अंश, आणि कोळसा बारातेरा किलो. इतकेच नाही. पलीकडे तापलेले दूध तेवढेच निवलेले असते, ७२ वरून अकरा अंशांच्या आत. म्हणजे जिथे शंभर टनांच्या वर शीतयंत्रणा लागली असती, तिथे दहाअकरा टनांत भागते. एकाच व्यवहारात दोन्ही बाजूंना लाभ झालेला मी बँकेत चौतीस वर्षांत फार थोड्या वेळा पाहिला.

पण या व्यवहारात कच्चे दूध आणि पक्के दूध यांच्यामध्ये अर्धा मिलीमीटर पत्रा असतो. ही गोष्ट मला १९९२ साली समजली, आणि समजायला हवी होती त्यापेक्षा चार महिने उशिरा.

तेव्हा मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी शाखेत कर्जांचे काम पाहत होतो. गावात एक लहानसा सहकारी दूध संघ होता. त्याचे कॅश क्रेडिट खाते आमच्याकडे. संघाचा अर्ज आला, की पाश्चरायझरच्या बावीस प्लेट्स आणि गॅस्केटांचा पूर्ण संच बदलायचा आहे, त्यासाठी एक लाख पस्तीस हजारांचे मुदत कर्ज मिळावे. मी पाहणीला गेलो. यंत्राखाली एक पत्र्याचा ट्रे ठेवला होता आणि त्यात थेंब थेंब दूध गळत होते. यंत्र चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे होते, सगळा प्लँट त्यांना मामा म्हणे. मी ट्रेकडे बोट दाखवून विचारले, "मामा, एवढ्या गळतीसाठी सव्वा लाख?"

ते म्हणाले, "साहेब, गळतंय ते बरंच हाय. बाहेर गळतंय तवर दिसतंय तरी. आत गळालं तर कोण बघणार?"

मी ते वाक्य वहीत लिहून घेतले नाही. त्यात तांत्रिक माहिती भरलेली होती, हे मला नंतर कळले. गॅस्केटची रचनाच अशी असते, की भोकांच्या भोवती तिच्या दोन ओळी आणि त्या दोन ओळींमधली जागा बाहेर उघडी. एक ओळ फाटली तरी दूध पलीकडच्या दुधात जात नाही, जमिनीवर पडते. रबर म्हातारे झाले की ते असे सांगून मरते. प्लेटेला भोक पडले तर मात्र बाहेर काहीच दिसत नाही. मामा गळती थांबवण्यासाठी प्लेटांचा गठ्ठा दर महिन्याला थोडा थोडा आवळत होते. त्याची किमान लांबी यंत्राच्या पाटीवर लिहिलेली असते. त्याच्या आत आवळणे म्हणजे प्लेटांच्या वळ्या एकमेकींत रुतवणे. ते त्या लांबीला कधीच पोचले होते आणि तसे त्यांनी मला टेप लावून दाखवलेही होते.

शाखेत परतून मी टिपण लिहिले. गॅस्केट ही झिजणारी वस्तू आहे, तिची बदली हा महसुली खर्च आहे, यंत्राची क्षमता त्याने वाढत नाही, सबब मुदत कर्ज देय नाही, हा खर्च खेळत्या भांडवलातून भागवावा. नियमाने त्यातले एक अक्षर चूक नव्हते. खेळते भांडवल शेतकऱ्यांच्या दूधबिलात शेवटच्या रुपयापर्यंत अडकलेले आहे, हे मला ठाऊक होते, कारण ते खाते मीच रोज पाहत होतो. साहेबांनी टिपणावर सही केली आणि अर्ज परत गेला. संघाच्या अध्यक्षांनी "बघू पुढच्या वर्षी" म्हणून विषय बाजूला ठेवला.

मे महिन्यात शहरातून तक्रारी सुरू झाल्या. पिशव्या फुगतात, दूध दुपारपर्यंत नासते. पहिल्या दिवशी उन्हाळ्यावर ढकलले गेले, दुसऱ्या दिवशी विक्रेत्याच्या फ्रीजवर. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या मुलीने फॉस्फटेज चाचणी पुन्हा केली आणि तिच्या नळीत पिवळा रंग आला. कच्च्या दुधात एक विकर असते, ते पाश्चरायझेशनमध्ये नष्ट होते. शंभर लिटरात पाव लिटर कच्चे दूध मिसळले तरी ही चाचणी ते दाखवते. तापमानाची नोंद पाहिली तर ७२ च्या खाली कुठे गेलेली नव्हती. म्हणजे दूध तापत होते नीट आणि तापल्यानंतर कुठेतरी त्यात कच्चे दूध मिसळत होते.

रात्री प्लांट बंद करून यंत्र उघडले. प्लेट्स एकेक करून काढायच्या, धुवायच्या, एका बाजूने रंगीत द्रव लावायचा आणि दुसऱ्या बाजूने तो झिरपतो का ते पाहायचे. कच्चे आणि पक्के दूध शेजारी वाहते त्या भागातल्या तीन प्लेटांना टाचणीच्या टोकाएवढी भोके निघाली. आलेल्या इंजिनियरने कारण सांगितले. धुणे झाल्यावर जंतुनाशक म्हणून क्लोरिनचे पाणी फिरवतात. ते काढून टाकायचे असते, पण रात्रपाळीचा एक नवा मुलगा स्वच्छता जास्त व्हावी म्हणून ते सकाळपर्यंत प्लेटांत तसेच ठेवत होता. क्लोराइडने स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि एवढ्या पातळ पत्र्यात खड्डा आणि भोक यांत फारसे अंतर नसते. त्यातही एक संरक्षण असते. पक्क्या दुधाच्या बाजूचा दाब मुद्दाम थोडा चढा ठेवतात, म्हणजे भोक पडलेच तर पक्के दूध कच्च्यात जाईल, कच्चे पक्क्यात येणार नाही. पण तो दाब राखणारा पंप थकला होता, आणि त्याची दुरुस्ती त्याच नामंजूर अर्जाच्या तिसऱ्या परिशिष्टात होती. ते परिशिष्ट मी वाचले होते, असे माझ्या टिपणात नमूद आहे.

सुदैवाने कोणी आजारी पडल्याचे कानावर आले नाही. आपल्याकडे पिशवीतले दूधही घरी उकळतात, ती सवय त्या आठवड्यात कामी आली असावी. शहरातली शिकली-सवरली मंडळी या सवयीला हसतात. मी त्या दिवसापासून हसत नाही. पण परत आलेल्या आणि टाकून दिलेल्या दुधाचा आकडा अकरा हजार लिटरांच्या वर गेला. प्लेट्स येईपर्यंत संकलन निम्म्यावर आणले गेले आणि शेतकऱ्यांचे पंधरवड्याचे बिल लांबले. आणि तिथे हे प्रकरण फिरून माझ्याच टेबलावर आले. कारण त्या शेतकऱ्यांपैकी दोनशेच्या वर लोकांना म्हशीसाठी कर्ज आमच्याच शाखेने दिले होते, आणि हप्ता दूधबिलातून परस्पर कापून घेण्याची व्यवस्था होती. बिल नाही म्हणून हप्ता नाही. जूनअखेरीस थकबाकीची यादी काढली ती सात पानांची झाली.

एक बाई नोटीस हातात घेऊन आल्या. दोन म्हशी, नवरा मुंबईला. मी म्हणालो, "मावशी, हप्ता थकलाय."

त्या म्हणाल्या, "दुधातनंच कापा म्हणून तुमीच अंगठा घेतला होता न्हवं साहेब? आता दूधच घेईनात, तर कापणार कशातनं?"

मी त्यांना चहा मागवला. त्यांनी तो बशीत ओतून प्यायला. माझ्याकडे दुसरे काही बोलण्यासारखे नव्हते.

संघाचा दुसरा अर्ज मी स्वतः बसून लिहून दिला. गॅस्केट हा शब्द त्यात कुठेच येऊ दिला नाही. 'दुग्धप्रक्रिया संयंत्राचे नूतनीकरण' असे शीर्षक दिले आणि अकरा दिवसांत मंजुरी आली. रक्कम तीच, वस्तू त्याच. पहिल्या वेळी हे मला सुचले नसते असे नाही. पहिल्या वेळी मला नियमामागे उभे राहणे सोपे वाटले.

त्यानंतर ज्या ज्या कारखान्यात पाहणीला गेलो, तिथे मी आधी प्लेटा कुठे आहेत हे विचारू लागलो. लोकांना नवल वाटे. साखर कारखान्यात ऊस पिळून निघालेला रस तीनदा तापवावा लागतो, आणि ते काम पूर्वी नळ्यांच्या जाडजूड यंत्रांत होई. आता बऱ्याच ठिकाणी प्लेटा आल्या आहेत. पण उसाच्या रसात चोथ्याचे बारीक तंतू असतात, ते अरुंद फटीत अडकतात, म्हणून तिथे रुंद फटीच्या प्लेटा वापरतात. जे यंत्र दुधाला चालले ते रसाला तसेच चालले नाही, त्याला वेगळे बेतावे लागले. शेजारच्या डिस्टिलरीत गरज याच्या नेमकी उलट. मळी आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडते आणि तापमान तिसाच्या पुढे फार चढले तर तेच यीस्ट मरगळते. आपल्याकडे एप्रिलमध्ये थंड म्हणवणारे पाणीच तीस अंशांच्या आसपास असते. दोन अंशांच्या फरकावर काम करू शकणाऱ्या यंत्राची किंमत तिथे कळते. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल अशाच आंबवण-टाक्यांतून येते.

बिअरच्या कारखान्यात उकळलेला अर्क निववताना जे पाणी तापते, ते पुढच्या घाण्याला वापरतात. म्हणजे पुन्हा आईची परात. समुद्राकाठी आणि जहाजांवर स्टेनलेस स्टील चालत नाही, कारण खारे पाणी त्याचे तेच करते जे त्या मुलाच्या क्लोरिनने केले. तिथे टायटॅनियमच्या प्लेटा लागतात. महाग, पण समुद्राला दाद न देणाऱ्या. जहाजाच्या इंजिनाभोवती गोडे पाणी फिरते, आणि ते गोडे पाणी टायटॅनियमच्या प्लेटांत खाऱ्या पाण्याने निववतात. खारे पाणी इंजिनापर्यंत पोचतच नाही.

मुंबईतल्या उंच इमारतींत याचा एक उपयोग पाहिला तो मला फार आवडला. वातानुकूलनाचे थंड पाणी तळघरातून दोनशे मीटर वर चढवायचे तर तळाच्या नळांवर नुसत्या पाण्याच्या वजनानेच दर चौरस सेंटिमीटरला वीस किलोचा दाब येतो. म्हणून मधल्या एखाद्या मजल्यावर प्लेटांचे यंत्र बसवतात. खालचे पाणी तिथपर्यंत येऊन गारवा वरच्या पाण्याला देते आणि परत जाते. वरचे पाणी वरच्या वर फिरते. दाब तुटतो, गारवा मात्र पुढे जातो, एखाददुसरा अंश वाटेत सांडून. आणि ज्यांची मुले लंडनला आहेत अशा आजीआजोबांना सांगायचे, तर तिथल्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या बॉयलरमध्ये नळाचे पाणी बहुधा अशाच एका हाताच्या पंजाएवढ्या यंत्रात तापते. त्यात गॅस्केटच नसते, प्लेटा एकमेकींना तांब्याने कायमच्या सांधलेल्या असतात. ते उघडून धुता येत नाही. बिघडले की बदलायचे. मामांना ते आवडले नसते.

कौतुक करताना मर्यादाही सांगायला हवी. जिथे दाब आणि तापमान फार चढे आहे तिथे रबराची गॅस्केट टिकत नाही. तिथे जुन्या नळ्यांचेच राज्य आहे, आणि ते उगाच नाही. शिवाय प्लेटांना निगा लागते. दुधातली प्रथिने आणि कॅल्शियम तापल्या पत्र्यावर थर धरतात. तो रोज आधी कॉस्टिकने, मग सौम्य नायट्रिक आम्लाने काढावा लागतो, आणि शेवटी वापरलेले सगळे वेळच्या वेळी पाण्याने धुऊन टाकावे लागते. ही धुण्याची बाब कर्जाच्या अर्जात नसते. मी नंतर ती विचारू लागलो. तुमच्याकडे रात्री शेवटचे पाणी कोण सोडतो, त्याला कोणी शिकवले आहे का, असे विचारले की व्यवस्थापक माझ्याकडे चमकून पाहत, आणि पुष्कळदा उत्तर त्यांच्याकडे नसे.

नव्या प्लेटा बसल्यावर जुन्या भंगारात निघाल्या. त्या भोके पडलेल्या तिघींपैकी एक मामांनी माझ्यासाठी बाजूला ठेवली होती. मी म्हणालो, "मामा, असं कर्जदाराकडून काही घेता येत नाही." ते म्हणाले, "मग वजन करून घ्या." ती तराजूवर चढवली, भंगाराच्या भावाने पैसे भरले, संघाची पावती घेतली. ती पावती अजून फाइलला आहे. बदली झाली तशी ती प्लेट माझ्याबरोबर चार गावे फिरली. उजेडात धरली की बाणांच्या ओळींमध्ये एक बारीक ठिपका चमकतो. नातवंडांना तो शोधायला लावायचा हा आमच्याकडचा एक खेळ आहे. बाकीच्या वेळी ती ओट्याशेजारी कलती ठेवलेली असते. वळ्यांमधून पाणी चांगले निथळते, असे पत्नीचे मत आहे. धुतलेले कप ती तिच्यावर पालथे घालते, आणि वडिलांच्या त्या जुन्या संचातल्या उरलेल्या दोन बश्याही.